एका घरातले पाच छंद आणि बडोद्याचा निसर्ग

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारात राहता. सतरा वर्षांच्या मुलाला साप-मगरी पकडणाऱ्या मंडळींबरोबर जायचंय. यजमानांनी पक्ष्यांच्या फोटोंसाठी मोठी लेन्स घ्यायचं मनावर घेतलंय. सासूबाईंना झाडांचं वेड, धाकटीला फुलपाखरांचं. तुम्हाला स्वतःला आवड आहे, पण वेळ मिळत नाही. तुम्ही विचारलंय की यातला निसर्गाचा खरा अभ्यास कोणता आणि नुसती हौस कोणती, म्हणजे पैसे आणि रविवार कशावर घालवायचे ते ठरवता येईल.

खरं-खोटं अशी वाटणी मला पटत नाही. इतकी वर्षं बडोद्याच्या आसपास पक्षी, मगरी आणि झाडं बघत आलोय, त्यात एकच कसोटी कामाची वाटली: तुमच्या छंदापायी त्या जीवाला काय सोडावं लागतं? घरटं, तोंडातला घास, पिल्लांजवळची जागा, थंडीतलं ऊन. यातलं काहीच सोडावं लागत नसेल तर छंद कोणताही असो, तो चांगला. आणि काही सोडावं लागत असेल, तर त्याला अभ्यास म्हणा की सेवा, मला तो मान्य नाही. आता तुमच्या घरातल्या एकेकाकडे याच कसोटीने बघू.

मुलापासून सुरुवात करतो, कारण तिथे जिवाचा प्रश्न आहे, त्याच्याही आणि मगरीच्याही. विश्वामित्री पावागढच्या डोंगरात उगम पावते, शहराच्या मधून वाहते, पुढे ढाढरला मिळते आणि तिचं पाणी खंभातच्या आखातात जातं. भर वस्तीतल्या नदीत एवढ्या मगरी असलेलं दुसरं मोठं शहर आपल्या देशात शोधून सापडणार नाही. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस पडला आणि मगरी रस्त्यांवर, सोसायट्यांच्या आवारात दिसल्या. ऑगस्ट २०२४ च्या पुरातही तेच झालं. लोक म्हणतात मगरी माणसांवर चाल करून आल्या. तसं काही नसतं. पूर आला की मुख्य प्रवाहाचा जोर मगरीलाही नको असतो, ती संथ, उथळ पाण्याकडे सरकते, आणि त्या दिवसांत संथ पाणी तुमच्या-आमच्या पार्किंगमध्ये असतं.

अशा वेळी वन खात्याबरोबर जी मुलं धावतात त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तुमच्या मुलाने व्हिडिओत जे पाहिलंय तो त्या कामाचा अगदी शेवटचा तुकडा. बाकीचा सगळा वेळ गर्दी मागे सारण्यात, मोबाइल घेऊन पुढे घुसणाऱ्यांना समजावण्यात आणि थांबण्यात जातो. पुष्कळदा सगळ्यात शहाणपणाचा उपाय म्हणजे वाट मोकळी ठेवून, दिवे घालवून शांत बसणं. अंधार पडला की मगर आपली आपण पाण्याकडे निघते. पकडावीच लागली तर तिचे डोळे ओल्या गोणपाटाने झाकतात आणि जबडा बांधतात. जबडा मिटणारे स्नायू प्रचंड ताकदीचे असतात, उघडणारे मात्र कमकुवत, म्हणून थोड्याशा दोरीनेही तो बंद राहतो. हे बघून पोरांना वाटतं की सोपं आहे. शेपटीचा एक फटका माणसाचा पाय मोडू शकतो, तो व्हिडिओत दिसत नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मगर पहिल्या अनुसूचीत आहे. वन खात्याच्या परवानगीशिवाय तिला हात लावणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो.

म्हणून माझं स्पष्ट मत: अठरा पूर्ण होईपर्यंत हात लावायचं काम नाही. सापांच्या बाबतीतही नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार साप त्याने नीट ओळखायला शिकावं. या चौघांच्या विषावर आपल्याकडे एकच एकत्रित प्रतिविष मिळतं, ते सरकारी इस्पितळात असतं, आणि चावा झाला की कापणं-चोखणं-बांधणं काही न करता तिथेच जायचं, हे त्याने गल्लीतल्या दहा जणांना पटवून सांगितलं तर त्यात साप पकडण्यापेक्षा जास्त जीव वाचतील. माणसांचेही आणि सापांचेही.

मगरींचा अभ्यास त्याने पुलावरून करावा. सयाजीबागेजवळच्या काळा घोडा पुलावर हिवाळ्यात ऊन वर आल्यावर दुर्बीण घेऊन उभं राहायचं. थंडीत मगरी काठावर अंग शेकत पडलेल्या असतात. तोंड वासून बसलेली दिसली की बघणारे म्हणतात चिडलीये. ती चिडलेली नसते, उघड्या जबड्यातून डोक्याची उष्णता कमी करत असते. कोणती मगर कोणत्या वळणावर बसते, मोठी आली की छोट्या कुठे सरकतात, कुत्री काठावर आली की काय होतं, हे वहीत लिहायला लागला की महिन्याभरात त्याला एकेक मगर वेगळी ओळखू येईल. फेब्रुवारीपासून मादी काठावर जागा शोधू लागते. मातीत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते आणि जवळपास राखण करत राहते. पिल्लू नर होणार की मादी, हे घरट्यातल्या मातीच्या तापमानावर ठरतं. पावसाळा तोंडावर आला की अंड्यांच्या आतूनच पिल्लं आवाज करू लागतात, आई तो ऐकून माती उकरते आणि ज्या जबड्याची आपल्याला एवढी धास्ती, त्याच जबड्यात पिल्लांना अलगद धरून पाण्यात नेते.

हे एकदा समजलं की नदीकाठाकडे बघण्याची नजर बदलते. काठाचा उतार दगडांनी मढवला किंवा काँक्रीटची भिंत घातली की पाणी कदाचित तेवढंच राहील, पण अंडी घालायला माती उरणार नाही आणि बिळं करायला उतार उरणार नाही. पूर आणि काठबांधणीच्या चर्चेत हा मुद्दा ठामपणे मांडू शकणारा सतरा वर्षांचा मुलगा बडोद्याला हवाय. पुलावरून मांसाचे तुकडे टाकणाऱ्यांना अडवणारा तर त्याहून हवाय. खायला मिळतं म्हणून माणसाच्या दिशेने यायला शिकलेली मगर पुढे पिंजऱ्यात जाते.

त्याला एकदा आणंद-खेडा भागातल्या चरोतरातही घेऊन जा. मलातज, देवा अशा गावांच्या तळ्यांत मगरी आहेत आणि त्याच तळ्यांवर गावाची रोजची कामं चालतात. मगर खोडियार मातेचं वाहन. मलातजला देवीचं मंदिरही आहे. तिथली माणसं मगरीला त्रास देत नाहीत आणि तिच्याशी लगटही करत नाहीत. कोणत्या कोपऱ्यात उतरायचं, कधी उतरायचं नाही, हे लहान पोरालाही माहीत असतं. निसर्गात रस घेण्याचा हाही एक प्रकार आहे, आणि आपण शहरातल्या लोकांनी शिकावा असा आहे.

आता यजमानांची लेन्स. फोटोग्राफीला माझा विरोध नाही. चांगल्या फोटोंनी किती तरी पक्ष्यांची ओळख पक्की झाली आहे. पण सगळ्या छंदांत हाच एक असा आहे की ज्याला ‘अजून थोडं जवळ’ हा मोह पावलोपावली होतो. म्हणून पहिला हिवाळा त्यांनी फक्त दुर्बिणीवर काढावा. ८×४२ ची घ्यावी. म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं असल्यामुळे पहाटेच्या कमी उजेडातही चित्र स्पष्ट राहतं. त्याहून जास्त पटीची दुर्बीण हातात थरथरते, दुकानदार काहीही सांगो.

आणि जावं वढवाणा तलावावर. डभोई तालुक्यात, बडोद्याहून साधारण ५० किलोमीटर. सयाजीराव महाराजांच्या काळात, गेल्या शतकाच्या सुरुवातीला शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला तलाव. २०२१ मध्ये तो रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे मध्य आशियातून आणि त्याहून उत्तरेकडून उतरलेले कलहंस, लालसरी, तलवार बदक, थापट्या असतात आणि चांदवे तर हजारोंनी. चांदवा म्हणजे तो काळा, कपाळावर पांढरा टिळा असलेला पाणपक्षी. त्याला कोणी भाव देत नाही, कारण तो सगळीकडे दिसतो. पण बंधाऱ्यावर शांत बसून चांदव्यांवरच नजर ठेवा. सगळे पाण्यावर पांगून चरत असतात. एकाएकी कडेचे चांदवे मध्याकडे सरकायला लागतात, मग त्यांच्या पलीकडचे, आणि बघता बघता मोकळ्या पाण्यावर एक घट्ट काळा पुंजका तयार होतो. मान वर करून बघितलं की दलदली भोवत्या दिसतो, पंख किंचित वर उचलून उंच पाणगवतावरून सावकाश फेरी मारणारा शिकारी पक्षी. तो खाली झेपावला की सगळा पुंजका पाणी उडवत एकत्र सळसळतो. त्याला एकटा-दुकटा हवा असतो, घोळक्यात त्याची डाळ शिजत नाही. कधी अर्धा तास हा खेळ चालतो आणि भोवत्या उपाशीच निघून जातो. हे बघायला लेन्स लागत नाही, बसकण लागते.

त्याच बंधाऱ्यावर मी लोकांना खाली उतरून चिखलातून बदकांच्या दिशेने चालत जाताना बघतो, थवा उडतानाचा फोटो हवा म्हणून. टाळ्या वाजवणारेही असतात. प्रत्येक उडवणुकीत त्या पक्ष्याची चरबी जळते, आणि मार्चमध्ये परतीचा प्रवास त्याच चरबीवर करायचा असतो. यजमानांना माझ्याकडून एवढं सांगा: पक्ष्याने मान वर करून तुमच्याकडे बघितलं की तिथेच थांबायचं, तेच तुमचं अंतर. घरट्याचा फोटो काढायचा नाही, कितीही सुंदर असलं तरी. आणि मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलवायचं नाही. त्या बिचाऱ्याला वाटतं हद्दीत दुसरा नर घुसला, आणि तो पिल्लांना घास भरवायचं सोडून भांडायला येतो.

कॅमेऱ्याला एक चांगलं कामही सांगतो, खास आपल्या गावाचं. उत्तरायण. १४ आणि १५ जानेवारीला गच्चीवर आपण सगळेच असतो, मीही लहानपणापासून पतंग उडवलेत. पण पक्षी सकाळी चरायला निघतात आणि संध्याकाळी झोपायच्या झाडांकडे परततात, नेमक्या त्याच वेळेला आकाशात मांजा सगळ्यात जास्त असतो. बगळे, शराटी, कबुतरं, घारी, घुबडं, पंख कापले जाऊन खाली येतात. सण संपला तरी झाडांवर आणि तारांवर अडकलेला मांजा महिनोन्महिने पक्षी मारत राहतो. गुजरात सरकारचं करुणा अभियान २०१७ पासून याच दिवसांत चालतं, जखमी प्राणी-पक्ष्यांसाठी १९६२ हा क्रमांक आहे. जखमी पक्षी सापडला तर त्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ते श्वासनळीत जातं. भोकं पाडलेल्या खोक्यात मऊ कापडावर ठेवायचं, अंधार करायचा, आणि फोन करायचा. मोठ्या लेन्समधून गल्लीतल्या झाडांवर अडकलेला मांजा शोधून त्याची यादी करायची आणि जानेवारी संपायच्या आत तो उतरवून घ्यायचा, हे काम यजमानांनी हाती घेतलं तर पुढच्या वर्षी त्यांचे फोटो बघायला मी स्वतः येईन.

सासूबाईंबद्दल तुम्ही लिहिलंय की ‘त्या फक्त झाडं बघत बसतात’. ताई, तुमच्या घरातला सगळ्यात खोल छंद त्यांचा आहे. वडाचंच घ्या. वटपौर्णिमेला आपण ज्याच्याभोवती सूत गुंडाळतो त्या झाडाला फूल कधी दिसलंय का? फुलं असतात, शेकड्यांनी, पण त्या लाल फळाच्या आत, बाहेरून न दिसणारी. फळाच्या टोकाला बारीकसं भोक असतं. त्यातून मुंगीपेक्षाही लहान एक मादी गांधीलमाशी आत शिरते. वाट इतकी अरुंद की तिचे पंख तिथेच गळून पडतात. ती आतल्या फुलांवर परागकण टाकते, काही फुलांमध्ये अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढे अंड्यांतून आधी नर निघतात. त्यांना पंखच नसतात. ते माद्यांशी जुगतात, फळाच्या भिंतीतून बाहेर जायचा बोगदा कोरतात आणि बाहेरचं जग न बघता संपतात. माद्या पराग घेऊन त्या बोगद्यातून उडतात आणि दुसरा फळलेला वड शोधतात. वडाची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी, उंबराची वेगळी. ती माशी नाही तर वडाला बी नाही. आणि गावातले सगळे वड एकाच वेळी फळत नाहीत, त्यामुळे वर्षाच्या जवळजवळ कोणत्याही महिन्यात कुठला तरी एखादा वड पक्ष्यांना जेवू घालत असतो.

सासूबाईंना फळलेल्या वडाखाली खुर्ची टाकून द्या. सयाजीबागेत जुनी झाडं आहेत, बागच १८७९ ची. हरोळ्या पानांच्या रंगात इतक्या मिसळून जातात की हलल्याशिवाय दिसत नाहीत. तांबट, कोकीळ, साळुंक्या, बुलबुल, राखी धनेश, खाली पडलेल्या फळांवर खारी, आणि अंधार पडताना वटवाघळं. कोणत्या महिन्यात कोणता वड फळला, कधी पानगळ झाली, कधी तांबूस पालवी आली, एवढं त्यांनी कॅलेंडरवरच लिहून ठेवलं तरी पाच वर्षांनी ती नोंद वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही उपयोगी पडेल. एक विनंती मात्र त्यांना करा. पूजेसाठी बाजारात मिळणाऱ्या वडाच्या फांद्या आणू नयेत. झाड चालत जाण्याच्या अंतरावर असताना त्याचे हातपाय तोडून घरी आणण्यात पूजा कसली?

धाकटीसाठी काहीच विकत घ्यायचं नाही, जाळी तर अजिबात नाही. कढीपत्ता आणि लिंबाची एकेक कुंडी गच्चीत ठेवा, औषध मारू नका, आणि पानांवर छिद्रं दिसली की आनंद माना. कोवळ्या पानावर मोहरीएवढं फिकट अंडं दिसेल. त्यातून निघणारी अळी आधी अगदी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे पक्षी तिच्याकडे दुर्लक्ष करतात. शेवटची कात टाकली की ती पानासारखी हिरवी होते. तिला गवताच्या काडीने हलकेच स्पर्श केला तर डोक्यामागून लालसर-नारिंगी, दोन टोकांचं एक शिंग बाहेर येतं आणि त्याला उग्र वास येतो. मुंग्या आणि छोटे शिकारी त्याने बिचकतात. हे एकदाच करून बघू द्यावं, रोज नाही. मोकळ्या जागेत रुई उगवली असेल तर ती उपटू नका, केशरी पंखांचं, काळ्या-पांढऱ्या कडांचं फुलपाखरू अंडी घालायला तिथेच येतं. अळ्यांनी कढीपत्ता संपवला तर आमटीला बाजारातून आणता येतो. अळीला दुसरीकडे जाता येत नाही.

पाळीव पोपट आणि घरातलं कासव याबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय, म्हणून ओझरतंच सांगतो: आपल्याकडच्या रानातल्या जातींचे असतील तर दोन्ही बेकायदा आहेत, शेजाऱ्यांकडे असले तरी. तारका कासव शुभ म्हणून घरात ठेवणारी कुटुंबं मला माहीत आहेत, आणि ती विकत घेतली जातात म्हणूनच जंगलातून उचलली जातात. चौकात कबुतरांना पोतंभर दाणे टाकण्याबद्दलही माझं मत चांगलं नाही. कबुतरांची संख्या फुगते आणि इतरांना जागा उरत नाही. उन्हाळ्यात सावलीत मातीचं उथळ भांडं पाण्याने भरून ठेवा आणि ते रोज घासा, तेवढं पुरे.

राहिलात तुम्ही. वेळ नाही म्हणता. रोज पंधरा मिनिटं निघतील का? सकाळी गच्चीत चहा घेता, तेवढाच वेळ. त्या पंधरा मिनिटांत दिसलेला आणि ऐकू आलेला प्रत्येक पक्षी, त्याची संख्या आणि वेळ लिहायची, आणि ती यादी ईबर्ड या पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर टाकायची. चिमण्या, कावळे, कबुतरंसुद्धा. तुम्हाला वाटेल, दांडिया बाजारातल्या चिमण्यांचं कोणाला काय. २०२३ मध्ये देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो मोठा अहवाल आला, त्यात ९४२ जातींचा आढावा होता आणि १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवं असं त्यातून निघालं. तो आढावा ज्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे, त्या तुमच्या-माझ्यासारख्या सुमारे तीस हजार लोकांनी टाकलेल्या आहेत. जंगलात जाणारे पुष्कळ आहेत. एकाच गच्चीवरून वर्षभर, पावसात आणि उन्हाळ्यातही नोंद ठेवणारी माणसं फार कमी, आणि कोणता पक्षी कमी होतोय हे त्यांच्याच नोंदींतून आधी कळतं. पक्षी दिसला नाही तर तेही महत्त्वाचं आहे, म्हणून रिकामी वाटणारी यादीही टाका.

पैशाचा प्रश्न विचारलात म्हणून शेवटी तेवढं सांगतो. यंदा एक ८×४२ दुर्बीण घ्या, ती घरात सगळ्यांना मिळून. लेन्स पुढच्या हिवाळ्यानंतर, तोवर यजमानांची आवड टिकली तर. मुलाने आणि यजमानांनी रविवार आलटून पालटून काळा घोडा पूल आणि वढवाणा करावा. फेब्रुवारीत चार दिवसांची पक्षी मोजणी असते, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी गच्चीत बसावं. त्या सुमारास मगरीही काठावर जागा शोधायला लागलेल्या असतील, मुलाला सांगा की नव्याने उकरलेली माती कुठे दिसते ते पुलावरूनच टिपून ठेव आणि ती जागा कोणालाही सांगू नकोस.